टेप आडवा फिरतो, कोट उभा बिघडतो

गेल्या रविवारी क्लासमधे एका पोरीनं विचारलं, सर, छाती, कंबर, सीट (म्हणजे कुल्ल्यांचा घेर), खांदा, बाही, उंची सगळी मापं दोनदोनदा घेतली, ड्राफ्ट (कागदावरचा आराखडा) तुमच्यासमोर काढला, तरी ह्यांचा कोट मागून वर का उचलला जातोय? ह्यांचा म्हणजे तिच्या नवऱ्याचा, तो बिचारा रविवारची झोप सोडून मांजरपाटाचा कच्चा कोट घालून आमच्या खोलीच्या मधोमध पुतळ्यासारखा उभा. मी म्हटलं, ह्या प्रश्नापर्यंत यायला मला अकरा वर्षं लागली आणि तू दुसऱ्याच महिन्यात आलीस, तर आज बाही राहू दे, आज हेच करू. त्यात सगळी दुपार गेली, आणि रात्री जेवल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

मी कोट-पँटवाला. शर्ट शिवतो पण मन लागत नाही. सोलापूरच्या साखर पेठेत लहानाचा मोठा झालो, शेजारच्या पॉवरलूमची खटखट ऐकत झोपायचो आणि सुट्टीच्या दिवशी ती बंद असली की झोपच यायची नाही. बारावीला गचकलो तेव्हा मामानं हाताला धरून नवी पेठेत एका मास्तरच्या दुकानात नेऊन बसवलं. जिना चढून वर, दहा बाय बाराची खोली, चार मशिनी, एक मोठं कटिंगचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले खाकी कागदाचे फर्मे, म्हणजे कापड कापायचे साचे, शंभर तरी असतील. प्रत्येकावर गिऱ्हाईकाचं नाव आणि साल. काही फर्मे इतके जुने की घडीवर तुटायला आलेले, मागून चिकटपट्टी लावलेली.

पहिलं वर्ष काज, तुरपाई, बटण. दुसऱ्या वर्षी पँटची मोहरी आणि बेल्ट. कात्रीला हात तिसऱ्या वर्षी, तोही अस्तर कापायला. ह्याबद्दल मला आता तक्रार नाही, तेव्हा भरपूर होती. खरी तक्रार वेगळी होती. मास्तरनी खडू हातात घेतला की ते आमच्याकडं पाठ करायचे. म्हणजे अगदी ठरवून. टेबलाच्या त्या बाजूला जायचे, कापड पसरायचे आणि आम्हाला त्यांचे कोपर तेवढे हलताना दिसायचे. विचारलं की एकच उत्तर, "बघत राहा, येईल." अहो, पाठ बघून काय येणार?

मग मी चोरी केली. मास्तर दुपारी घरी जेवायला जायचे, भाकरी खाऊन, डुलकी काढून चारला यायचे. एवढ्या वेळात मी एक फर्मा काढायचा, टेबलावर अंथरायचा, टेप लावून सगळी मापं वहीत उतरवायची आणि परत खिळ्याला. फर्म्यावर छातीचं माप लिहिलेलं असायचंच, त्यामुळं उलटा हिशोब करता यायचा. छाती ४० चा फर्मा, चौथा भाग १०, बारावा भाग ३ इंच आणि अडीच-पावणेतीन सूत वर, असं करत करत गळ्याची रुंदी कशावरून येते, मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या गोलाची, खोली कशावरून, पुढचा भाग किती ठेवायचा हे मला दीड वर्षात पाठ झालं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगतो. सुतार पण हेच वापरतात.

पण वहीत एक गोष्ट जुळत नव्हती. मागच्या गळ्याच्या वर मास्तर कधी दोन सूत जास्त ठेवायचे, कधी चार, कधी काहीच नाही, आणि दोन-तीन फर्म्यांत तर उलट कमी केलेलं. छाती तीच, उंची तीच, तरी वेगळं. मी वहीत त्या आकड्यांवर गोल करून लिहून ठेवलं होतं, "मास्तरचा हात हलतो, वय झालं." वही अजून आहे माझ्याकडं. ते वाक्य मी क्लासमधे दर बॅचला वाचून दाखवतो आणि पोरं जोरात हसतात.

तर मामाचा कोट.

मामेबहिणीचं लग्न ठरलं आणि मामा म्हणाले, कोट तूच शिवायचा, दुसऱ्या कुणाकडं देणार नाही. तोवर मी मास्तरांकडून सुटून स्वतःचं छोटं दुकान टाकलेलं, सफारी आणि जोधपुरी बऱ्यापैकी चालायचे, हात बसला होता. कापड चांगलं घेतलं, वूलन मिक्स, गडद निळा. मामाची मापं घेतली, छाती ३९, कंबर ३७, सीट ३९. तीस-पस्तीस वर्षं मागावर काढलेला माणूस, तुटलेला धागा शोधायला सारखं पुढं वाकायचं, गाठ मारायची, परत वाकायचं. ही माहिती मला जन्मापासून होती. पण टेप लावताना ती माहिती मापात यायला पाहिजे हे सुचलं नाही.

ट्रायलला मामांनी कोट घातला आणि आरशासमोर उभे राहिले, समोरून झकास. मामा खूश, मामी खूश. मग मामा वळले. मागं कॉलर मानेपासून बोटभर लांब उभी, आत शर्टाची कॉलर आणि त्याच्याही आतली गंजी दिसत होती. खालून कोट मागं वर चढलेला, पुढून खाली लोंबलेला. बाजूनं बघितलं तर कोटाची खालची कड उतरणीला लागल्यासारखी मागून पुढं उतरत गेलेली. मी कॉलर दाबली, ओढली, खांद्याला टाचण्या मारल्या. कॉलर दाबली की पाठीत चुणी, खांदा उचलला की मुंढ्यात चुणी. रात्री अकरापर्यंत तेच. मापं परत घेतली, एकही चुकलेलं नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

दुसऱ्या दिवशी लाज सोडून कोट आणि मामा दोघांना घेऊन मास्तरांकडं गेलो. मास्तरनी कोटाकडं बघितलंच नाही. मामांना म्हणाले, "या, बसा, पाणी घ्या," आणि माझ्याकडं वळून, "काय करूलालास बे? मामाला बघितलास का न बघताच टेप लावलास?" मग मामांना दाराच्या चौकटीला लागून उभं केलं आणि मला बाजूला उभं केलं. "समोरून काय बघतोस, समोरून सगळे सरळच दिसतात. इथून बघ." बघितलं. सीट चौकटीला टेकलेली, पाठ टेकलेली, पण डोकं आणि चौकट ह्यांच्यात माझी मूठ जाईल एवढी फट. पाठीचा गोलवा, खांदे पुढं, छाती आत. तीस वर्षांचा माग तिथं दिसत होता.

आता ह्यात मुद्दा काय ते सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं अर्धं शिवणकाम आपोआप कळतं. आपण घेतो ती बहुतेक मापं आडवी असतात. छाती, कंबर, सीट, सगळीकडं टेप अंगाभोवती गोल फिरतो. उभी मापं दोनच घेतो, कोटाची उंची आणि बाहीची लांबी, आणि ती गिऱ्हाईकाच्या आवडीची असतात, शरीराची नाही. पण कोट अंगावर राहतो कशानं? खांद्यावर लटकून. मानेवरच्या मणक्यापासून पाठीवरून कमरेपर्यंत किती कापड लागतं आणि त्याच मणक्यापासून खांद्यावरून पुढं येऊन कमरेपर्यंत किती लागतं, ह्या दोन लांब्यांचा तोल म्हणजे बॅलन्स. वाकलेल्या माणसाला मागं जास्त कापड लागतं आणि पुढं कमी. छाती काढून ताठ चालणाऱ्याला, पोलिसातून रिटायर झालेले असतात तसे, बरोबर उलटं, पुढं जास्त आणि मागं कमी, नाहीतर त्यांच्या कोटाला पाठीत कमरेच्या वर आडव्या चुण्या पडतात आणि पुढून कोट बटणाखाली फाकतो. ह्या दोघांची छाती ३९ च असू शकते! टेपला ते दोघे एकच माणूस आहेत.

मास्तरनी माझा कोट कसा दुरुस्त केला तेही सांगतो. मागं कापड वाढवणं हा सरळ उपाय, पण मी मागच्या गळ्याला आणि खांद्याला मार्जिन ठेवलेलंच नव्हतं, कंजूषपणा. मग त्यांनी दोन्ही खांदे उसवले, पुढचा भाग गळ्याच्या टोकाला अर्धा इंच खाली उतरवून घेतला, गळा नव्यानं कापला, कॉलर परत बसवली. मागं वाढवता येत नाही तर पुढं कमी कर. कोट बसला. कॉलर मानेला चिकटली, खालची कड सरळ झाली. फक्त पुढचा भागच वर गेल्यामुळं बटणं आणि खिसे अर्धा इंच वर गेले. मामांना शेवटपर्यंत कळलं नाही, लग्नातल्या प्रत्येक फोटोत मला मात्र खिसेच दिसतात.

आणि त्या दिवशी परत निघताना भिंतीवरच्या फर्म्यांकडं नजर गेली आणि डोक्यात लख्ख पडलं. मागच्या गळ्यावरचे दोन सूत, चार सूत. ज्यांचं जास्त होतं ते कोण होते? एक अडतीत हिशोब लिहिणारे, एक मिलमधले, एक शाळामास्तर. कमी केलेले? एक पैलवान. मास्तरचा हात हलत नव्हता, माझं डोकं चालत नव्हतं. मी फर्म्यातून छाती चोरली, माणूस तिथंच लटकत राहिला.

थोडं इतिहासाचं सांगतो, मला ह्यात फार मजा येते. युरोपातले टेलर आधी इंचाचा टेप वापरतच नव्हते. प्रत्येक गिऱ्हाईकासाठी कागदाची लांब पट्टी, तिच्यावर छातीपाशी एक खाच, कमरेपाशी एक खाच, बाहीपाशी एक, आकडा कुठंच नाही. त्या पट्टीवर एकाच माणसाचं अंग असायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंचाचे टेप आले आणि सगळी माणसं एकाच आकड्यांत आली, मग लोकांच्या लक्षात आलं की अरे, छातीवरून बाकीचं काढता येतंय की. तिथून छातीचा तिसरा, सहावा, बारावा भाग ही सगळी प्रमाणपद्धत फोफावली. १८३० च्या दशकात लंडनमधे वाम्पेन नावाच्या जर्मन गणितज्ञानं तर माणसाच्या अंगाचं गणित मांडून टेलर लोकांना कटिंग शिकवलं. तिकडं अमेरिकेत १८६३ मधे बटरिक नावाच्या टेलरनं साइजवार कागदी पॅटर्न विकायला काढले, घरोघरी बायका त्यावर कपडे कापायला लागल्या. म्हणजे आपण क्लासमधे जे "छाती भागिले चार" म्हणतो त्याला दोनशे वर्षं होत आली. वाईट नाहीये ते. त्याच्याशिवाय रेडिमेड नाही, युनिफॉर्म नाही, आणि युनिफॉर्म नाही तर आजच्या सोलापुरात अर्ध्या मशिनी बंद. १८७७ च्या जुन्या मिलपासून ह्या गावाचं पोट कापडावर आहे, आधी सूत आणि साड्या, मग चादरी-टॉवेल, आता शाळेचे युनिफॉर्म, देशभर जातात. पण प्रमाण म्हणजे सरासरी, एवढं लक्षात ठेवायचं.

उदाहरण देतो. मुंढ्याची खोली छातीचा चौथा भाग, असं कितीतरी ठिकाणी शिकवतात. छाती ३६ ला ९ इंच, ठीक. ४० ला १०, जरा खोल पण चालतंय. आता ४८ छातीचा शेटजी आला, १२ इंच? त्याची काख काय पोटात आहे का? माणूस रुंदीला वाढला, त्याच्या हाडाची उंची तेवढीच आहे. मी म्हणून छातीचा आठवा भाग अधिक साडेचार इंच धरतो, ४० ला साडेनऊ येतं, ४८ ला साडेदहा. तेही शेवटी काखेत स्केल धरून तपासून घेतो. आणि एक गैरसमज, लोकांना वाटतं काख खोल केली की हात मोकळा होतो. उलट होतं. काख जितकी खाली तितका हात वर केल्यावर सगळा कोट हाताबरोबर वर येतो. बसचा दांडा धरून उभ्या माणसाचा कोट कानापर्यंत गेलेला बघा कधी, तो घट्ट नसतो, त्याची काख खोल असते.

पँटचंही तसंच, पण पँटमधे आपल्याकडचा खास प्रॉब्लेम पोट. चाळिशीनंतर आपला माणूस पँट पोटावर घालत नाही, पोटाखाली घालतो, आणि विचारलं की "कंबर ३६" सांगतो, जी कॉलेजात होती. टेप लावला की श्वास आत. मी म्हणून माप घेताना गप्पा मारतो, यंदा ऊस कसा आहे विचारतो, बोलायला लागला की श्वास सुटतो, मग टेप वाचायचा. आता समजा कंबर ४२ आली, सीट ४०. ड्राफ्टमधे कंबरेचा चौथा भाग पुढं आणि चौथा भाग मागं टाकला की झालं वाटोळं, कारण वाढलेलं सगळं पोट पुढं आहे, मागं काहीच वाढलेलं नाही. साइडची शिलाई पुढं ओढली जाते, खिसे फाकतात. वाढ पुढच्या भागाला द्यायची, आणि बेल्ट पुढून खाली उतरतो म्हणून पुढचं आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची) कमी, मागचं जास्त. आसन फॉर्म्युल्यानं काढू नका, बाहेरची लांबी वजा आतली लांबी, ४१ मधून ३१ गेले, १० राहिले. किंवा माणसाला कडक स्टुलावर बसवा आणि कमरेपासून स्टुलापर्यंत बाजूनं मोजा. दोन्ही करा. जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा.

आता शिकवण्याचं.

तीन वर्षं झाली, अशोक चौकाजवळ एक खोली भाड्यानं घेतलीय, दर रविवारी सकाळी दहा ते दुपारी दोन. एका वेळी सहापेक्षा जास्त घेत नाही, टेबल एकच आहे. सध्या दोघी युनिफॉर्मच्या कारखान्यात काम करतात, एक पोरगा फॅशनचा डिप्लोमा करून आलेला, एक काका आहेत साठीचे, आयुष्यभर शर्ट शिवले, आता कोट शिकायचाय म्हणतात. ते मला दादा म्हणतात आणि मी त्यांना काका म्हणतो, वर्गात कोण सर कोण विद्यार्थी काही कळत नाही. कारखान्यातल्या एकीनं सात वर्षं फक्त मागचे खिसे लावलेत. हजारो पँटी हातातून गेल्या, पण पहिल्या दिवशी मी खाकी कागदावर पँटचा मागचा भाग काढला तेव्हा ती म्हणाली, "अय्या, हे असं वाकडं असतंय व्हय!" तिनं पूर्ण तुकडा सपाट कधी बघितलाच नव्हता, बंडल येतं, खिसा लावायचा, बंडल पुढं.

सुरुवातीला मी मोठा शहाणा होतो. मास्तरनी पाठ केली ना माझ्याकडं, मग मी सगळं सांगणार, कारणासकट, काही लपवणार नाही. पहिल्या बॅचला तीन रविवार नुसता बॅलन्स समजावला. फळ्यावर हाडं काढली. कुणालाच काही कळलं नाही आणि दोघं सोडून गेले. एकजण जाताना म्हणाला, सर तुम्ही फॉर्म्युला द्या ना, यूट्यूबवाले पहिल्याच मिनिटाला देतात. राग आला होता, पण तो बरोबर होता. ज्यानं अजून एकही कोट कापला नाही त्याला कोट का बिघडतो हे सांगून उपयोग काय. मास्तर पण थोडे बरोबर होते असं म्हणायला लागतंय, जड जातंय पण म्हणतो.

आता मी उलट करतो. पहिल्या दिवशी वहीत फॉर्म्युला. छाती ४०, सगळ्यांना एकच, पाठ करा, काढा, दहा वेळा काढा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याच फॉर्म्युल्यानं घरच्या एका माणसाचा मांजरपाटाचा कोट, फक्त धड, अस्तर नाही, कॉलर नाही. नवरा, बाप, भाऊ, कुणीपण, फक्त मॉडेलसारखा दिसणारा आणायचा नाही. मग त्या सगळ्यांना रविवारी घेऊन या. सहा कोट, सहा माणसं, सहाही बिघडलेले आणि प्रत्येक वेगळा बिघडलेला! त्या दिवशी मला काही शिकवावं लागत नाही. एकाचा उजवा खांदा उतरलेला, गळ्यापासून काखेकडं तिरकी चुणी, विचारलं तर कळतं सुताची पोती खांद्यावर वाहतात. एकाचं मागं आडवी घडी. आणि ही पोरगी, जिचा नवरा दिवसभर मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर वाकलेला असतो, मागून कोट वर. माग जाऊन मोबाइल आला, पाठ तीच.

त्या रविवारी आम्ही काय केलं, तर त्याच्या कमरेला इलॅस्टिक बांधलं, जमिनीला समांतर. मानेवरच्या मणक्यावर पेननं ठिपका. तिथून पाठीवरून इलॅस्टिकपर्यंत एक माप, तिथूनच गळ्याला चिकटून खांद्यावरून पुढं इलॅस्टिकपर्यंत दुसरं. मग हेच तिच्या ड्राफ्टवर मोजलं. पाठ अर्ध्या इंचानं कमी आणि पुढचं दोन सुतांनी जास्त. तिनं आकडे बघितले, नवऱ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "सारखी सांगत असतेय, नीट बस." मग फर्मा पाठीत आडवा कापला, काखेच्या रेषेच्या वर, पाठीच्या मधल्या रेषेच्या बाजूनं अर्धा इंच उघडला, मुंढ्याच्या बाजूला शून्य, मधे कागदाची पट्टी चिकटवली. मागची मधली रेष वर थोडी वाकडी झाली, ती तशीच गोल ठेवायची, पाठ गोल आहे ना. पुढच्याला उलट, छातीच्या वर दोन सूत घडी घालून चिकटवली. पंधरा मिनिटांचं काम. काका शांतपणे बघत होते, म्हणाले, "चाळीस वर्षं शर्टाचा योक (खांद्यावरचा पाठीचा तुकडा) कापतोय, दरवेळी एकच. लोक म्हणायचे कॉलर मागं जातेय, मी म्हणायचो वरचं बटण लावा."

डिप्लोमावाल्या पोराचं वेगळं. त्याला कॉम्प्युटरवर सगळं येतं, ग्रेडिंग, म्हणजे एका फर्म्यावरून लहान-मोठे साइज काढणं, तर इतकं पटकन करतो की मला हेवा वाटतो. मीपण एका संस्थेत तीन महिन्यांचा कोर्स केलेला, भरपूर फी भरून, तिथं कुठलं बटण दाबलं की काय होतं एवढंच शिकवलं, का दाबायचं ते नाही. म्हणून ह्या पोराला मी सांगतो, कॉम्प्युटरला दोष नाही, तू ४० चा बिघडलेला फर्मा टाकलास तर तो ३६ पासून ४८ पर्यंत इमानदारीत तोच बिघाड काढून देईल. आणि छाती दोन इंच वाढली की खांदा एका बाजूला दोन सुतांच्या वर वाढवायचा नाही, सॉफ्टवेअर काहीही म्हणो. युनिफॉर्मात हे फार होतं, मोठ्या साइजच्या ब्लेझरमधे दहावीतलं पोरगं हँगरला अडकवल्यासारखं दिसतं, त्यात आई म्हणते वाढत्या अंगाचं घ्या, मग बाही नखापर्यंत.

कापडाचंही एक राहिलं. जुन्या पद्धतीचे जे कोटाचे ड्राफ्ट आहेत ते वूलनसाठी लिहिलेत. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा दीड इंचभर मोठा ठेवायचा आणि शिवताना ओल्या फडक्यावरून इस्त्रीची वाफ देऊन तो जास्तीचा भाग आटवायचा, मग खांद्याला छान भरीव गोलाई येते. लोकर आटते. पण आपल्या युनिफॉर्मचं कापड टेरीकॉट नाहीतर पीव्ही (पॉलिस्टर-व्हिस्कोज), त्याला इस्त्री मारमारून तुम्ही चमक आणाल, ते आटणार नाही. मग खांद्यावर चुण्या, आणि दोष बाही लावणाऱ्या बाईला. तिचा काय दोष, कागदावरच दीड इंच जास्त आहे. पीव्हीला मी अर्धा-पाऊण इंचाच्या वर ठेवत नाही. गोलाई थोडी कमी येते, येऊ दे.

मास्तर आता दुकानात येत नाहीत. मागच्या गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी भेटायला गेलो होतो, खुर्चीत बसलेले, पाठीला उशी. मी क्लासचं सांगितलं, सगळं उघड शिकवतो म्हटलं. म्हणाले, "मग तुझ्याकडं गिऱ्हाईक कशाला येईल?" मी म्हटलं मास्तर, फर्मा दिला तरी बघणं कुठं देता येतंय. त्यावर काही बोलले नाहीत, चहा मागवला. निघताना म्हणाले जुने फर्मे माळ्यावर आहेत, उंदरांनी खायच्या आत घेऊन जा. अजून गेलो नाही. लग्नसराई संपली की टेम्पो करून आणणार आहे, त्या गोल केलेल्या आकड्यांवर आता नावं लिहायचीत.

क्लासवाल्यांसाठी: येत्या रविवारी बाही. कोटाला अडीच मीटर मांजरपाट लागेल, आणि कृपा करून आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून आणा, मागच्या वेळी एकानं कोरा आणला, पाणी मारून इस्त्री केली आणि छाती ४० चा कोट ३८ चा झाला, मग तो अर्धा तास बॅलन्स शोधत बसला होता. आणि ज्यांचं माप घेतलंय त्या माणसाला पण आणा, सकाळी दहाला. त्यांना सांगा नाश्ता आहे.